तेवीस नंबरची नळी

मंदा भोईरचा निम्मा दिवस अंधारात जायचा आणि त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. तिथल्याच एका औद्योगिक वसाहतीत, पहिल्या मजल्यावरचे दोन गाळे एकत्र करून एका धर्मादाय ट्रस्टने प्रयोगशाळा थाटली होती. खालच्या गाळ्यात दिवसभर पातेल्यांना पॉलिश व्हायचं आणि त्याची घरघर वरच्या फरशीतून तळपायांना जाणवायची. वरच्या दोन खोल्यांत बायकांच्या रक्तात एकच गोष्ट शोधली जायची. कोपऱ्यात पत्रे ठोकून केलेली डार्करूम होती. आत एका वेळी एकच माणूस उभा राहू शकत असे आणि तो माणूस सहसा मंदा असे.

हे १९९४ सालचं. मंदा तेव्हा सदतीस वर्षांची होती. नवघर गावातल्या मिठागरावर राबलेल्या नाथा भोईरची ती एकुलती मुलगी. भोईरांच्या भावकीत बी.एस्सी. झालेली पहिली बाई तीच. लग्न जमलं नाही, मग जमवायचंही राहून गेलं. चहूबाजूंनी चार-चार मजली इमारती उठल्या तरी भोईरांचं कौलारू घर मधल्या खड्ड्यात तसंच होतं. त्यात ती आणि तिची आई जिजाबाई, दोघीच राहायच्या.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. हेमाली कापडिया. पन्नाशीच्या, बारीक, केस आखूड कापलेल्या, चहा गार करून पिणाऱ्या. मंदाला कामावर घेताना त्यांनी थोडक्यात काम समजावलं होतं. स्तनाचा कॅन्सर दुधाच्या नळ्यांच्या अस्तरात सुरू होतो. अस्तराच्या पेशींची जागा अस्तरात, रक्तात त्यांचं काही काम नाही. रक्तात एखादी सापडली तर ती घर सोडून दुसरीकडे वस्तीला निघाली आहे असं समजायचं. गाठ हाताला लागायच्या आधी किंवा गाठ काढून टाकल्यावरही अशी निघालेली पेशी पकडता आली, तर डॉक्टरांच्या हाती वेळ राहतो. त्यासाठी मॅडमनी एक प्रोब तयार केला होता. प्रोब म्हणजे रेणूंचा एक आखूड तुकडा. अस्तराच्या पेशी जो निरोप बाळगतात, त्याच निरोपाला तो जाऊन चिकटतो, दुसऱ्या कशाला नाही. चिकटला की त्या जागी अतिशय मंद उजेड पडतो. डोळ्याला न दिसणारा, पण फिल्मला दिसणारा. मंदाने अंधारात फिल्म त्यावर दाबून ठेवायची, मग धुवायची. रक्त स्वच्छ असेल तर रकाना कोरा. नसेल तर आडवी काळी रेघ.

तीन वर्षं त्या दोघींनी प्रोबची मापं बदलत काढली. ट्रेमध्ये रेघ उमटताना आधी काहीच नसतं, मग एक राखाडी शंका असते, मग ती ठरते. मंदाला हा क्षण आवडायचा. कधी कधी लाल दिवाही बंद करून ती पाच-दहा मिनिटं थांबायची आणि तिला वाटायचं की आपल्याला तो उजेड फिल्मशिवाय दिसतो. हे तिने मॅडमना एकदा सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "असं कुणाला सांगू नकोस, बाई. ग्रँट बंद होईल."

आजारी बायकांच्या रक्तावर प्रोब बरा चालू लागला होता. आता निरोगी बायका हव्या होत्या. पस्तीस ते पंचावन्न वयाच्या चाळीस. निरोगी रक्तात रेघ आली नाही, तरच आजारी रक्तातल्या रेघेला अर्थ. मॅडमनी नियम घातला की प्रयोगशाळेतल्या कुणी स्वतःचं रक्त या चाळिसांत द्यायचं नाही. माणसं सोयीसाठी काय करतील याचा भरवसा नाही, असं त्यांचं मत होतं.

बायका मंदाने आणल्या. नवघर रोडच्या इमारतींतल्या, गावातल्या, ओळखीच्या. पाच रविवार, दर रविवारी आठ. घरच्या पडवीत बाज टाकून ती रक्त घ्यायची आणि नळ्या थर्माकोलच्या पेटीत बर्फात ठेवायची. बर्फ मच्छीबाजारातला असल्याने पेटीला बोंबलांचा वास लागलेला होता. रक्तातला तो निरोप फार नाजूक, दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचला नाही तर विरून जातो. म्हणून आठही बायका एकदम यायच्या, भराभर उरकून जायच्या. नावाच्या आणि नंबरच्या चिठ्ठ्या ती आदल्या दिवशीच टाइप करून आणत असे.

तिसऱ्या रविवारी तेविसावा नंबर हंसाबेनचा होता. हंसाबेन म्हणजे समोरच्या इमारतीच्या तळमजल्यावर साड्यांना फॉल-पिको करून देणारी बाई. चव्वेचाळीस वर्षांची, दणकट, विधवा, तोंडाने फटकळ. तिने फॉर्मवर सही केली, बाजेवर बसली, बाही वर केली आणि सुई पाहून बाही खाली केली.

"मंदाबेन, सुई रोज माझ्या हातात असते," ती म्हणाली. "माझ्यात नसते. दोन मिनिट थांब. दुकान उघडं टाकून आली मी."

"एक मिनिटाचं काम आहे."

"म्हणून तर. एक मिनिटाचं काम पळून जातं का?"

ती गेली आणि आली नाही. मंदाने बाकीच्या सात जणींचं उरकलं, दोनदा हाक मारून पाहिली. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं आणि आत मशीन चालू होतं. बर्फ वितळत होता. पेटीत आठ खाचा होत्या, सात भरल्या होत्या. ट्रेमध्ये एक चिठ्ठी उरली होती: २३, हंसा, ४४.

मंदा नेटकी बाई होती आणि नेटक्या माणसांना रिकामी खाच बघवत नाही. तिने स्वैपाकघरात जाऊन डाव्या दंडाला दातांनी पट्टा आवळला आणि उजव्या हाताने टोचलं. शीर सटकली. पुन्हा टोचलं, सुई कातडीखाली फिरवली. तिसऱ्यांदा रक्त आलं. तिने ते नळीत भरलं आणि नळीला चिठ्ठी लावली.

जिजाबाई चुलीपाशी बसून हे पाहत होती.

"कोनाचं नाव लावलंस?"

"हंसाबेनचं."

"आनि रगत कोनाचं?"

"माझं. काय होत नाही, आये. निरोगी रक्त पाहिजे, ते आहे माझं."

"दुसऱ्याच्या नावानं आपलं रगत ठेवू नये," जिजाबाई म्हणाली. "ज्याचं नाव, त्याला जातं."

मंदाने पेटी उचलली आणि रिक्षा पकडली. वाटेत तिला वाटलं की सोमवारी मॅडमना सांगून टाकावं. सोमवारी वाटलं की चाळीस पूर्ण झाल्यावर सांगावं.

चाळीस पूर्ण झाले. फिल्मवर दहा-दहाच्या चार ओळी घ्यायच्या होत्या. पहिल्या दोन ओळी कोऱ्या आल्या. तिसऱ्या ओळीची फिल्म मंदाने ट्रेमध्ये टाकली, लाल दिव्याखाली ट्रे हलवत राहिली आणि डावीकडून तिसऱ्या रकान्यात राखाडी शंका उभी राहताना तिने पाहिली. ती ठरली. बाकीचे नऊ रकाने धुतल्या काचेसारखे होते.

डावीकडून तिसरा म्हणजे तेवीस, हे तिला मोजावं लागलं नाही.

मॅडम म्हणाल्या, घाण गेली असेल, पुन्हा कर. रक्तातून काढलेला माल फ्रीजरमध्ये होता, त्याच मालावर तिने पुन्हा केलं. साध्या पाण्याचा रकाना कोरा, तेवीसवर रेघ. तिसऱ्यांदा मॅडमनी स्वतःच्या हाताने केलं. रेघ त्याच जागी, तेवढीच जाड.

मंदाच्या डोक्यातला विचार सरळ होता आणि त्याला बाजूने वाट नव्हती. प्रोब खरा असेल तर आपण आजारी आहोत. आपण बऱ्या असू तर तीन वर्षांचं काम खोटं आहे. रोज सकाळी न्हाणीघरात ती बोटांच्या टोकांनी स्वतःला तपासू लागली, काखेपासून आत, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, मॅडमच्या भिंतीवरच्या तक्त्यात दाखवलं होतं तसं. हाताला काही लागत नव्हतं. पण न लागण्यालाही अर्थ नव्हता. हाताला लागायच्या आधी पकडायचं, यासाठीच तर प्रोब होता.

मॅडमनी कुलपातली नावांची यादी काढली. "हंसा. ही कोण?"

"फॉल-पिकोवाली," मंदा म्हणाली.

"तिला बोलाव. तपासते मी."

"मॅडम, आपल्या फॉर्मवर लिहिलंय निकाल कळवणार नाही."

"फॉर्म मीच लिहिलाय. बोलाव."

मंदाने चार दिवस हंसाबेन गावाला गेली असल्याचं सांगितलं. पाचव्या दिवशी मॅडम हातात साडी घेऊन स्वतः नवघर रोडला आल्या. दुकानात साड्यांचे गठ्ठे होते. प्रत्येक साडीला टाचणीने चिठ्ठी लावलेली, चिठ्ठीवर हंसाबेनच्या गुजराती अक्षरात गिऱ्हाइकाचं नाव. चिठ्ठी बदलली तर साडी बदलते, असं ती नेहमी म्हणायची. मंदा दाराशी उभी राहिली. मॅडमनी फॉलचा रंग ठरवला आणि मग गुजरातीत, अगदी हलक्या आवाजात, बराच वेळ काही सांगितलं. हंसाबेनचा पाय मशीनच्या पट्टीवरून उतरला.

"माझ्या रक्तात?" ती मराठीत म्हणाली, मंदाकडे बघून. "पण मी तर..."

ती थांबली. रक्त न देता पळून गेल्याचं मॅडमसमोर कबूल करायची तिला लाज वाटली असावी. किंवा तिला वाटलं असेल की आपण दिलं होतं. नळीवर आपलं नाव आहे म्हणजे कधीतरी दिलंच असेल. नंतर विचारलं तर तिला हे नीट सांगता येत नसे. मंदा मात्र त्या वेळी बोलू शकत होती. ती बोलली नाही. हंसाबेनला काहीच नाही असं ठरेल, हंसाबेन सुटेल, मग आपण आपलं बघू, असा हिशेब तिने मनात केला होता.

मॅडमनी हंसाबेनला प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत तपासलं. पडद्याबाहेर मंदा उभी होती. खालचं पॉलिशचं मशीन त्याच वेळी बंद पडलं आणि फरशी एकदम शांत झाली. पडद्यामागून हंसाबेनची बडबड ऐकू येत होती, मग तीही थांबली.

"इथे दुखतं?" मॅडमचा आवाज.

"नाही."

"इथे?"

"नाही. काय आहे तिथे?"

डाव्या बाजूला, काखेच्या अगदी जवळ, तुरीच्या डाळीएवढी गाठ होती. दुसऱ्या आठवड्यात मोठ्या रुग्णालयात सुई घालून तपासणी झाली आणि निकाल आला. कॅन्सर होता.

मंदाने निकालाचा कागद दोनदा वाचला. कागदावर हंसाबेनचं नाव होतं, खालचा मजकूरही तिचाच होता. रेघ मात्र मंदाच्या रक्ताची होती. त्या दिवशी घरी आल्यावर ती जेवली नाही. जिजाबाईला कुणीतरी सांगितलंच होतं.

"बोल्ली होती ना तुला," जिजाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, पाऊसपाणी सांगावं तसं.

"आये, एवढी गाठ व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. मी नळी तीन महिन्यांपूर्वी भरली."

"मंग बरं."

"खरंच सांगते."

"मी कुठं न्हाय बोल्ली? जेव."

मंदाने हे दोन-तीन वर्षांचं गणित मॅडमना विचारून पक्कं करून घेतलं. मॅडम हसल्या. "हेच तर. गाठ जुनी होती, तिला माहीत नव्हती, मला हाताला जेमतेम लागली. आणि आपल्या प्रोबला महिन्याभरापूर्वी दिसली. कळतंय का तुला, मंदा, आपण काय केलंय?"

त्या दिवसांत मॅडम चहा गरम प्यायच्या. चाळीस निरोगी बायकांतून प्रोबने एकच निवडली आणि ती निरोगी नव्हती. याहून चांगला पुरावा कोण मागणार. पुण्यातल्या एका परिषदेसाठी त्यांनी निबंध लिहायला घेतला. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णालयात जाऊन त्यांनी हंसाबेनचं ताजं रक्त घेतलं. या वेळी हंसाबेन पळाली नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या रक्ताचा माल तयार करून फ्रीजरमध्ये ठेवला गेला. निबंधात दोन फिल्म्स शेजारी-शेजारी छापायच्या होत्या: आधीची तेवीस आणि आताची तेवीस.

शस्त्रक्रिया नीट झाली. काखेतल्या दोन ग्रंथींपर्यंत रोग पोहोचला होता, पुढे नाही. सहा महिने उशीर झाला असता तर वेगळं बोलावं लागलं असतं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. केमोच्या पहिल्या फेऱ्या संपवून हंसाबेन घरी आली तेव्हा डोक्याला रुमाल होता आणि जीभ शाबूत होती. तिने मॅडमकडून ती पहिली फिल्म मागून घेतली. मॅडमनी आनंदाने दिली, त्यांच्याकडे आणखी दोन होत्या. हंसाबेनने ती दुकानात अंबामातेच्या तसबिरीच्या काचेत खालच्या बाजूला खोचली. सकाळी दुकान उघडलं की ती अगरबत्ती आधी तसबिरीला आणि मग तिसऱ्या रकान्यातल्या काळ्या रेघेला ओवाळायची. गिऱ्हाइकांना सांगायची, "ये देखो. मेरा दुश्मन. मशीन ने पकडा."

मंदाचा कामावर जायचा रस्ता दुकानावरून होता. काचेत उन्हाची तिरीप पडली की रेघ रस्त्यावरूनही दिसायची. स्वतःच्या रक्ताला रोज सकाळी धूप दिला जातोय, हे पाहून पुढे चालत राहायची तिला सवय झाली. त्या दिवसांत ती स्वतःचं नाव लिहितानाही थबकायची. मस्टरवर सही करताना एकदा तिचा हात 'हं' पर्यंत गेला होता. तिने ते खोडलं.

जानेवारीत एका दुपारी मॅडम म्हणाल्या, "हंसाचा दुसरा माल आज लाव. सोमवारी निबंध टपालात जाईल."

मंदाने लावला. संध्याकाळी चारच्या सुमाराला ती डार्करूममध्ये शिरली, फिल्म ट्रेमध्ये टाकली आणि हलवू लागली. ज्ञात आजारी बाईचा रकाना पुराव्यासाठी शेजारी घेतला होता, तो भरून आला. पाण्याचा रकाना कोरा राहिला. मधला रकाना, हंसाबेनचा, कोरा राहिला. मंदा ट्रे हलवत राहिली. नेमून दिलेली मिनिटं संपली, तरी ती हलवत राहिली. काही आलं नाही.

ज्या बाईच्या छातीतून कॅन्सर कापून काढला, तिच्या रक्तावर प्रोब गप्प होता. आणि पत्र्याच्या त्या खोलीत जी बाई उभी होती, तिच्या रक्तावर तो तीनदा बोलला होता.

फ्रीजरमध्ये जुन्या तेवीस नंबरचा माल अजून शिल्लक होता. दोन थेंब घेऊन मधल्या रकान्यात घातले असते तर उद्या रेघ आली असती. मॅडमना संशय यायचं कारण नव्हतं, त्यांना रेघच हवी होती. हे मंदाला इतक्या स्वच्छपणे सुचलं की कुणीतरी कानाशी येऊन सांगितल्यासारखं तिला वाटलं. तिने लाल दिवाही बंद केला. अंधारात ती काही वेळ उभी राहिली. या वेळी तिला कुठलाही उजेड दिसला नाही.

ओली फिल्म चिमट्यात धरून ती मॅडमच्या टेबलापाशी गेली. पाणी टाइप केलेल्या निबंधावर ठिबकलं.

"हे हंसाबेनचं," ती म्हणाली. "आधीचं तिचं नव्हतं. ती रक्त न देता गेली होती. ते माझं होतं."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. फिल्म उजेडात धरली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"नळी भरल्यापासून."

"मूर्ख बाई," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नाही. मग त्यांनी हे वाक्य टाकून दिलं आणि दुसरंच विचारलं. "स्वतःला दाखवलंस कुणाला?"

"नाही."

"पाच महिने? चल मागे."

पडद्यामागे या वेळी मंदा झोपली. मॅडमचे हात थंड होते आणि घाईत नव्हते. त्यांना काही लागलं नाही. "याचा अर्थ काहीच नाही, तुला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "आधी मॅमोग्राफीला, छातीच्या फोटोला पाठवते. मग रक्त घेते."

छातीचा फोटो मीरा रोडच्या एका दवाखान्यात काढून झाला. त्याचा निकाल दोन दिवसांनी मिळणार होता. ते दोन दिवस मंदा घरी बसली. जिजाबाई तिला काही विचारत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारीने कोळणीकडून घेतलेलं मीठ परातीत पसरलं, बोटाने उकरलं आणि नाक मुरडलं.

"चिखल हाय यात. पयला थर भरून इकतात आता."

"पहिला थर म्हणजे?"

"मिठागर पयल्यांदा सुकलं की वर जे मीठ येतं ना, ते तुझा बाप बांधावर टाकून द्यायचा. पयलं मीठ आपलं न्हाय. राखनदार देवाचं. तळची माती वर ओढून आनतं ते. फावडं तेच, वाफा तोच, पन दुसऱ्या थराला मीठ पांढरं."

मंदा परातीकडे बघत राहिली. मग डाव्या हाताची बाही वर करून कोपराच्या खोलगटीकडे तिने पाहिलं. तीन टोचण्यांच्या खुणा केव्हाच बुजल्या होत्या. स्वैपाकघरात सुई कातडीखाली फिरवल्याचं तिला आठवलं. कातडी. अंगाचं बाहेरचं अस्तर.

ती चपला घालून तशीच प्रयोगशाळेत गेली.

"मॅडम, रक्त दोन नळ्यांत घ्या. सुई तीच ठेवा, नळी बदला. पहिली वेगळी."

"का?"

"कातडीही अस्तरच ना? सुईच्या टोकाने कातडीच्या पेशी आत ढकलल्या जात असतील. त्या पहिल्या रक्ताबरोबर येत असतील. तेव्हा मी तीनदा टोचलं होतं. आताही तीनदा टोचा."

मॅडमनी गार चहाचा कप दूर सारला. "हे तुला कुणी सांगितलं?"

"आईने. मिठाचं सांगत होती."

मॅडमनी तीनदा टोचलं. दुखलं, आणि मंदाला ते दुखणं हवं होतं. पहिली नळी, दुसरी नळी. काम दोघींनी मिळून केलं. डार्करूममध्ये दोघी मावत नव्हत्या तरी दोघी शिरल्या, पत्र्याला पाठ लावून. ट्रे मॅडमनी हलवला. पहिल्या नळीच्या रकान्यात फिकट, पण खरी रेघ आली. दुसऱ्या नळीचा रकाना कोरा राहिला. नेमून दिलेली मिनिटं संपली, वर आणखी पाच गेली. तो कोराच होता.

फोटोचा निकालही स्वच्छ आला.

निबंध सोमवारी टपालात गेला नाही. मॅडमनी तो फाडला नाही, उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर नवा लिहिला, अर्ध्या लांबीचा. चाळीसचे एकोणचाळीस झाले. प्रोब आजारी बाईला चुकवू शकतो आणि निरोगी बाईला धरू शकतो, हे त्यात लिहिलं होतं. सुईनंतरचं पहिलं रक्त टाकून द्यावं, हेही. परिषदेत त्या निबंधाला दुपारच्या जेवणानंतरची वेळ मिळाली आणि समोर अकरा माणसं होती. रक्त घ्यायचं काम मॅडमनी मंदाकडून कायमचं काढून घेतलं. अंधारातलं काम तिच्याकडेच ठेवलं. चार वर्षांनी ट्रस्टने गाळे रिकामे केले तोवर ती ते करत होती.

हंसाबेनला सांगायचं राहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, "ते तुझं काम."

मंदा एका सकाळी पिकोला द्यायची साडी घेऊन दुकानात गेली. अगरबत्ती नुकतीच लावली होती. हंसाबेनच्या रुमालाखाली केसांची नवी लव दिसत होती. मंदाने उभ्याउभ्या सगळं सांगितलं: रिकामी खाच, चिठ्ठी, तीन टोचण्या, कातडी. फिल्मवरची रेघ तुझ्या आजाराची नाही, माझ्या कातडीची आहे. तुझ्या रक्तात काही सापडलंच नाही.

हंसाबेनचं मशीन थांबलं होतं. तिने तसबिरीकडे पाहिलं, मग मंदाकडे.

"म्हणजे रक्त तुझं."

"हो."

"आजार माझा."

"हो. पण तो आधीपासून होता, हंसाबेन. दोन-तीन वर्षांपासून. मॅडमनी सांगितलंय."

"मॅडम बोलली मला पण. मी विचारलं नाही ते." हंसाबेनने दोरा दाताने तोडला. "तू कुणाचंही नाव लिहू शकली असती ना?"

"एकच चिठ्ठी उरली होती."

"हां. एकच उरली होती." ती हसली, नेहमीसारखी, पण हसणं लवकर संपलं. "पळून गेली म्हणून वाचली मी. सांग कुणाला, कोण मानेल?"

"ती फिल्म काढून टाकायची असेल तर..."

"राहू दे. कोणाचं पण असेल, बोलवायला आलं ना." तिने अगरबत्तीची राख बोटाने झटकली. "एक काम कर फक्त, मंदाबेन. माझं नाव आता कुठे लिहू नको. मस्करी नाही करत."

"नाही लिहिणार."

हंसाबेनने मंदाच्या हातातली साडी घेतली, काठ पाहिला, घडी घालून गठ्ठ्यावर ठेवली. सवयीने चिठ्ठी घेतली, पेन्सिल कानामागून काढली. पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच राहिली. मग तिने पेन्सिल परत कानामागे खोचली आणि कोरी चिठ्ठीच टाचणीने साडीला लावून टाकली.

"शुक्रवारी ये," ती म्हणाली. "माझ्या लक्षात राहील ही कोणाची."